‘भाडेकरूच्या बाजूची एजन्सी’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आपण एक तारा देऊन लिहिलंय की भाडेकरूनं तीन महिने भाडं थकवूनही आम्ही त्याला बाहेर काढलं नाही, आणि दुसरी जागा आमच्यामार्फत विकत घेताना ‘पोलिसांसारखी’ चौकशी केली.

आधी आमची चूक. पहिलं भाडं थकलं तेव्हाच लेखी नोटीस जायला हवी होती. आमच्या माणसानं महिनाभर नुसते फोन केले आणि ‘देतो, देतो’ ऐकून घेतलं. त्या महिन्याचं आमचं शुल्क आपल्याला परत करतो.

कुलूप बदलायला मात्र नकार दिला, आणि तो पुन्हाही देऊ. आपला निरोप होता : ‘रविवारी तो बाहेर जातोय. कुलूप बदला, वीज तोडा, सामान जिन्यात ठेवा.’ राहतं घर भाडं थकलं म्हणून मालकानं परस्पर ताब्यात घ्यायचं नसतं. बहुतेक ठिकाणी कोर्टाचा हुकूम लागतो. नाहीतर बुडवणारा फिर्यादी होतो आणि मालक आरोपी. आमच्याकडच्या एका घरमालकांनी न ऐकता हेच केलं होतं. आत भाडेकरूचा पासपोर्ट आणि त्याच्या आईची औषधं अडकली. पुढे ‘कपाटातले दागिने गेले’ अशी तक्रार आली. दागिने होते की नव्हते, देव जाणे! पण सामानाची यादी कुणी केली नव्हती आणि किल्ली मालकांच्या खिशात होती. थकलेलं भाडं राहिलं बाजूला, वकिलाची फी त्याहून जास्त झाली.

आता चौकशीचं. जागा विकायला मालक नाही, त्यांचा पुतण्या आला होता, मुखत्यारपत्राची, म्हणजे मालकांच्या वतीनं व्यवहार करायच्या अधिकारपत्राची, झेरॉक्स घेऊन. मूळ प्रत मागितली तर ‘लॉकरमध्ये आहे’. मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे ते पत्रही संपतं, म्हणून मालकांशी बोलायचा हट्ट धरला. वर आपले निम्मे पैसे मित्राच्या खात्यातून येणार होते. काळा पैसा रोखण्यासाठी 1989 साली स्थापन झालेल्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय गटानं 2003 पासून आपल्या शिफारशींत जागांच्या दलालांनाही धरलंय : ग्राहक कोण, पैसा कुठून, हे विचारायचंच. आपल्यावर संशय नव्हता. पण उद्या तो पैसा गुन्ह्यातला निघाला तर जप्ती आपल्या जागेवर येऊ शकते. हे तेव्हा नीट समजावून सांगितलं नाही, एवढा दोष आमचा.

नोटीस आता गेली आहे. मूळ करार आणि भाडं जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी घेऊन या, वकिलांची वेळ ठरवतो. मधल्या काळात भाडेकरू थोडेफार पैसे हातावर टेकवू लागला तर वकिलांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नोटिशीनंतर बिनशर्त भाडं घेतलं की कित्येक ठिकाणी ती नोटीस सोडून दिल्यासारखी धरतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.