नाकासमोर येमेन

परवा रत्नागिरीतल्या भाट्याच्या किनाऱ्यावर माझी जी शोभा झाली, तिचा दोष त्या नकाशाचा. गणपतीला आलेल्या भाच्यानेच तो मोबाइलवर दाखवला. किनाऱ्यावरचं ठिकाण निवडायचं, की त्याच अक्षांशावर समुद्रापल्याड काय आहे ते कळतं. असले रिकामटेकडे नकाशे हल्ली पुष्कळ निघालेत. एकात अंगणात सरळ खाली खणत गेलं तर कुठे निघू ते दिसतं. रत्नागिरीकर निघतो पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेटाच्या बऱ्याच उत्तरेला, भर पाण्यात. एवढं खणून पुन्हा समुद्रच!

पण पहिल्या नकाशाने मला वेड लावलं. रत्नागिरी १७ अंश उत्तर आणि समोर दोन हजार किलोमीटरवर ओमानमधलं सलाला, तेही १७! तिथेही पावसाळा, तिथेही नारळ. उलट पूर्वेला गेलं तर रंगून जवळपास याच रेघेवर. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रंगून, मद्रास करत इथे आणून ठेवलं. बिचाऱ्याचं राज्य गेलं, रंगूनचा अक्षांश तेवढा सोबत आला.

हे सगळं घोकून मी भाच्याला सुरूच्या बनापाशी उभं केलं, हात लांब केला आणि म्हणालो, "बरोब्बर इकडे, सलाला!"

"तिकडं नाय."

शेजारी उलट्या बालदीवर बसून एक चाचा गरी टाकून होते. जाळीची टोपी, गुडघ्यावर दुमडलेली लुंगी. मान वळवायचेही कष्ट नाहीत.

"अहो, नकाशात आहे."

"नकाशात आसंल. होकायंत्रावर पश्चिम धरून, जरा जरा उजवीकडं वळत गेलात तर सलाला. नाकासमोर सरळ गेलात तर येमेन. जमीन गोल हाय ना, भाऊ."

मग ते उठले. कोळंबीचं आमिष लावलेल्या त्याच बोटांनी त्यांनी माझं मनगट धरलं, हात दोन बोटं उजवीकडे सरकवला आणि जरा लांब जाऊन, एक डोळा मिटून बघितलं. "आता बरोबर. हलू नका."

आणि मी खरंच हललो नाही! पन्नाशीचा माणूस, दिशादर्शक खांबासारखा.

चाचांनी बत्तीस वर्षं जहाजावर काढलेली. धाकटा मुलगा सलालालाच. सूर्य पाण्याला टेकला तसा त्यांनी फोन लावला. "आमचा बुडाला रे. सव्वा तासात तुझ्याकडं येतोय, बघ." हे म्हणे रोजचंच. पलीकडे मुलगा भुरभुर पावसात शहाळ्यांच्या टपरीपाशी उभा. म्हणजे मी तीन दिवस उराशी धरलेला चमत्कार त्या घरात चहासारखा रोज होतो.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. भाच्याला मुंबईहून यायला चौदा तास लागले. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, आणि आम्ही सलालाची दिशा दोन बोटांनी दुरुस्त करतोय. चाचांना म्हटलं तर म्हणाले, "म्हणून तर पोरगा तिकडं गेला. विमान वेळेत पोचतं."

"आता हात खाली घेऊ का?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, एक मिनिट, फोटो."

घरी गेल्यावर बघितला. चाचा, शिंगाळा मासा, समुद्र, सूर्य. डाव्या कोपऱ्यातून आत आलेला माझा हात. कोपरापर्यंत.