पेवातला शाळू जिवंत की मेलेला?

सुन्याच्या पोरीच्या विज्ञानाच्या पुस्तकात श्वसन, वाढ, हालचाल, प्रजनन अशी सजीवांची लक्षणं दिलीत. सुन्याने कट्ट्यावर काडी टाकली : "मग खेचराचं काय? त्याला पिल्लं होत नाहीत."

"बंड्यालाही नाहीत. म्हणून काय तो दगड?" बापूकाका म्हणाले. खेचर तिथंच निकालात निघालं.

बंड्या पेटला. "आग घ्या. वाढते, पसरते, ऑक्सिजन खाते."

मास्तर म्हणाले, "आगीला आधीच्या आगीकडून वारसा काही येत नाही. काडीने लावा नाहीतर वीज पडू दे, लाकूड तसंच जळणार. मालदांडी ज्वारी पेरली की मालदांडीच येते."

"पण पेवातला, जमिनीखालच्या खड्ड्यात साठवलेला शाळू? महिनोन्‌महिने ना हालचाल, ना वाढ."

हा काकांचा प्रांत. "श्वास घेतो तो! म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आधी वारा लागू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा. विझला, तर खाली जाणारा माणूस वर येत नाही."

"आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं?" बंड्या म्हणाला. "हळद तर उकडून, वाळवून भरायचे. उकडलेला कंद कसला श्वास घेतोय? तिथंही उतरताना तीच धास्ती."

काका गप्प. मास्तरांनी सावरलं : भोवतीच्या मातीतले जिवाणू आणि बुरशी ऑक्सिजन वापरत असतात. म्हणजे कंदील विझला तरी श्वास कोण घेतंय, ते कळायचं नाही. त्या दिवशीचा सगळ्यात पक्का मुद्दा माझ्या मते हाच. लक्षण दिसलं तरी ते कुणाचं, हे शोधावंच लागतं. म्हणून तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवतात ते मोजतात. कोरडा असेपर्यंत जिता दाणा आणि मेलेला दाणा सारखेच दिसतात.

"मग विषाणूलाही हीच परीक्षा लावा," सुन्या म्हणाला. 1935 साली अमेरिकेत वेंडेल स्टॅनलीने तंबाखूवरच्या केवड्या रोगाच्या विषाणूचे स्फटिक मिळवले होते. एखाद्या क्षारासारखे बाटलीत भरून ठेवावेत असे. पण तेच पाण्यात विरघळवून तंबाखूच्या पानावर चोळले की रोग हजर. "उगवलाच की!"

"पानाच्या जिवावर," मास्तर म्हणाले. "दाण्याला पाणी दिलं की तो पुढचं स्वतः करतो. विषाणूला स्वतःचं प्रथिनसुद्धा बनवता येत नाही, पेशीची यंत्रणा लागते."

"जंतालाही आपलं आतडं लागतं!"

"जागा आणि खाणं आपलं. प्रथिनं त्याची तोच बनवतो."

मी मास्तरांच्या बाजूचा. पण वारशाची अट त्यांनीच आगीला घातली होती, आणि विषाणू त्या अटीत चोख बसतो. बंड्याने नेमकं तेच काढलं, तेव्हा मास्तर चहा सांगायला उठले.

काकांनी विचारलं, "त्या स्टॅनलीला नोबेल मिळालं म्हणे. कशाचं?"

"रसायनशास्त्राचं. 1946."

"झालं तर. निर्जीव!"

"काका, ते बक्षीस विषाणूचं प्रथिन शुद्ध करून दाखवल्याबद्दल होतं. विषाणूची नाडी बघून नाही दिलेलं."