कूलर, टीव्ही आणि उघडं दार

जळगावात मे महिन्यात पारा 45च्या आसपास घुटमळतो, तेव्हा आमच्या बैठकीत दोघांचं भांडण लागतं : कूलरचं आणि टीव्हीचं. कूलर खिडकीत. त्याची ओली हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून समोरचं दार उघडं हवं. दार लावलं की खोलीत नुसता दमटपणा. उघडलं की पश्चिमेचं ऊन थेट टीव्हीच्या काचेत. मग मालिकेतल्या सुनेच्या गालावर आमच्या चपला दिसतात आणि सासूच्या कपाळावर अंगणातल्या खाटेवर वाळणारी बिबडी.

आईची तीन वाजताची मालिका चुकायला नको, म्हणून मी सेटिंगला हात घातला.

आधी ब्राइटनेस शंभरावर नेला. सुनेचे काळेभोर केस राखाडी झाले, उजेड होता तेवढाच. दोन दिवस झटल्यावर कळलं, की ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हेच. काळा किती काळा दिसावा, एवढंच तो ठरवतो. खरा उजेड बॅकलाइट नावाने तीन मेन्यू आत दडलेला. हे नामकरण ज्यांनी केलं त्यांना दुपारी दोनला भुसावळच्या फलाटावर उभं करावं, पत्र्याखाली नव्हे, उन्हात.

मग व्हिव्हिड मोड. हा खरा दुकानासाठी असतो, शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायला. दुपारी बरा वाटला. रात्री दार लावून, ट्यूब मालवून बसलो तर डोळ्यांत मिरचीची धुरी. त्यात बातम्यांमध्ये रावेरकडची केळीबाग दाखवली. नानांचं आयुष्य केळीत गेलेलं. ते उठून पार पडद्याला नाक लावून आले. "इतलं हिरवं पान? किती युरिया टाका व्हई यानी!"

रात्रीपुरता सिनेमा मोड लावला. पांढरा किती पिवळट, किती निळसर हे केल्विनमध्ये मोजतात. सिनेमा मोडमध्ये तो 6500 केल्विनच्या आसपास येतो, स्टुडिओतलं मापही तेच. पण निळसर पांढऱ्याला सरावलेल्या आमच्या डोळ्यांना सगळं गाव हळदीला बसल्यासारखं दिसलं. नानांनी निदान केलं, "कावीळ शे."

म्हणजे दुपारी एक सेटिंग, रात्री दुसरं, आणि रिमोट घेऊन मधे मी, पाळीच्या पाण्यावरल्या माणसासारखा. शेवटी उजेड बघून आपोआप जुळवून घेणारा सेन्सर चालू केला आणि दाराला जाड पडदा लावला. सेन्सरचं काम चोख होतं. फक्त कूलरच्या वाऱ्याने पडदा उडे, ऊन आत येई, टीव्ही उजळे. पडदा पडे, टीव्ही मंदावे. सासू-सून श्वास घेतल्यासारख्या उजळत-विझत राहिल्या. मीच चक्कर येऊन बसलो.

बायको म्हणाली, "अहो, टीव्हीच त्या भिंतीवर न्या ना." त्या भिंतीवर कूलरचा प्लग आहे. एकच.

तीन वाजले. आई पाट-लाटणं घेऊन खाली बसली, उडदाचे पापड लाटायला. पाठ टीव्हीकडे. अर्धा तास झाला, एकदाही मान वळली नाही. मी विचारलं, "आई, चित्र दिसतंय ना नीट?"

"माले काय दखनं शे?" ती लाटी दाबत म्हणाली. "मी ते ऐकस. या कूलरमा काही ऐकू येत नही, आवाज वाढाव."