‘आयसीयूत पेशंटला हलवू देऊ नका’: मेसेजला मुद्देसूद उत्तर

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हेंटिलेटरवरच्या माणसाला फिजिओला हात लावू देऊ नका. नळी निसटेल. बिल वाढवायचा धंदा आहे. विश्रांती हेच औषध. तेलानं पाय चोळा, व्यायाम घरी गेल्यावर.’ यामागची भीती खरी आहे, पण सल्ला घातक आहे.

‘विश्रांती हेच औषध.’ नाही. गंभीर आजारात स्नायू नुसते पडून राहत नाहीत, झिजतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सोनोग्राफीनं मांडीचा पुढचा स्नायू मोजला, तर दहा दिवसांत त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के घटलेलं होतं. छातीचा पडदा, म्हणजे श्वास घेणारा मुख्य स्नायूही व्हेंटिलेटरवर दुबळा होतो, म्हणून मशीन सुटायला उशीर लागतो. हातापायांची ताकद आम्ही ६० गुणांत मोजतो. ४८ च्या खाली आली की तो आयसीयूतला अशक्तपणा. ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणेपर्यंत बरंच हातचं गेलेलं असतं.

‘नळी निसटेल.’ तोंडातून श्वासनलिकेत घातलेली ही नळी निसटू शकते, आणि म्हणूनच उठवण्याआधीची तयारी हाच अर्धा उपचार आहे. आयसीयूतल्या हालचालीच्या सुमारे २२ हजार सत्रांची नोंद एकत्र तपासली तेव्हा काहीतरी बिघडल्याचं प्रमाण २.६ टक्के होतं, त्यातही बहुतेक वेळा थांबल्यावर सावरण्यासारखं.

आधी आकडे बघायचे: मशीनमधून दिलेला ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात ठेवतं तो दाब) १० पर्यंत, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९० च्या वर, श्वास मिनिटाला ३० च्या आत, बीपीचं औषध वाढवावं लागत नसलेलं. गुंगीचं औषध कमी करून पेशंट हाकेला डोळे उघडतो ना, तेही. मग सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं. ओठापाशी नळीवर कितीचा आकडा आहे तो वाचून ठेवायचा. व्हेंटिलेटरच्या पाइपात साचलेलं पाणी आधी काढायचं; ते राहिलं तर पेशंट वळताना घशाकडे ओघळतं, जोराचा ठसका लागतो आणि घाईत नळी ओढली जाते. हवेची गादी कडक करायची, मऊ गादीच्या कडेवरून माणूस घसरतो. लघवीची पिशवी रिकामी करून मूत्राशयाच्या खालीच ठेवायची. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी.

बसवायला तिघं लागतात: एक फक्त नळीला, एक पाठीला, तिसरा सलाइनच्या वगैरे लाइन्स आणि मॉनिटरवर. डोकं आधी ३०, मग ६० अंश, थोडं थांबून पाय खाली. तळवे स्टुलावर सपाट टेकलेच पाहिजेत. पहिल्या एक-दोन मिनिटांत रक्त पायांकडे उतरून बीपी पडतो. घोटे वरखाली करायला लावले की बऱ्याचदा सावरतो. सॅच्युरेशन ८८ च्या खाली गेलं, घाम फुटला, ठोके अनियमित झाले, तर परत आडवं. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे.

‘बिल वाढवायचा धंदा.’ आयसीयूतला एक जादा दिवस व्यायामाच्या सत्रापेक्षा कितीतरी महाग पडतो. २००९ च्या अमेरिकेतल्या चाचणीत गुंगी रोज थांबवून लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकत होते, बाकीच्यांत ३५ टक्के. भ्रमाचे दिवसही चारावरून दोनावर आले.

मात्र जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. २०२२ च्या ७५० पेशंटांच्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त व्यायाम देऊन घरी राहण्याचे दिवस वाढले नाहीत, उलट त्रास मात्र जास्त झाला (९.२ विरुद्ध ४.१ टक्के). त्यामुळे मात्रा रोज ठरवायची. वाहतं रक्त, मेंदूतला वाढलेला दाब, अस्थिर मणक्याचं फ्रॅक्चर, बीपी सांभाळता न येणं, अशा वेळी मेसेजचं म्हणणं बरोबर ठरतं: बसवायचं नाही.

‘तेलानं पाय चोळा.’ चोळल्यानं स्नायू वाढत नाही. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम लागत असेल तर मुळीच चोळू नका. आत गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नर्सला लगेच दाखवा.

घरच्यांनी करण्यासारखं वेगळंच आहे. पेशंटचा चष्मा आणि कानाचं मशीन आणून द्या. त्यांच्या पायाला घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल आणा. भेटीच्या वेळी घरच्याच बोलीत, कोकणी असो की मराठी, आज कोणता वार, आता सकाळ की संध्याकाळ ते सांगा. आणि डॉक्टरांना विचारा: ‘आज गुंगी थांबवून बघणार का, आणि बसवणार किती वाजता?’