उपोषण ५५ कोटींसाठी नव्हतं

३० जानेवारी जवळ आला की तो मजकूर फिरायला लागतो. सार असं: "गांधींनी उपोषणाचा हट्ट धरून भारताच्या तिजोरीतले ५५ कोटी पाकिस्तानला द्यायला लावले, म्हणून नथुरामला पिस्तूल उचलावं लागलं." एरवी व्यवहारात चोख असलेली माणसंही हे पुढे पाठवतात. महाराष्ट्रात तर हे इतक्यांदा ऐकलं जातं की अनेकांना ते शाळेत शिकल्यासारखं वाटतं. यात तीन दावे आहेत आणि तिन्ही कागदावर टिकत नाहीत.

आधी पैशाचं. ही रक्कम देणगी नव्हती, खंडणीही नव्हती. फाळणीच्या वेळी अविभाजित हिंदुस्थानच्या खात्यात सुमारे ४०० कोटी रुपये रोख शिल्लक होती. तिच्यातला पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला. २० कोटी ऑगस्ट १९४७ मध्येच दिले गेले, उरले ५५. हा करार दोन्ही सरकारांमध्ये झाला आणि डिसेंबर १९४७ मध्ये तो सभागृहासमोर मांडला सरदार पटेलांनी. पैसे रिझर्व्ह बँकेत होते आणि ती बँक तेव्हा दोन्ही देशांचं काम पाहत होती. वाटणीपत्रावर सही झाल्यावर धाकट्याचा हिस्सा थोरल्याच्या कपाटात राहिला, एवढ्याने तो थोरल्याचा होत नाही.

मग रक्कम अडवली का? काश्मीरमुळे. तिथे लढाई पेटलेली असताना हे पैसे बंदुकांवर खर्च होतील, ही पटेलांची भीती रास्तच होती. काश्मीरचा प्रश्न मिटेपर्यंत रक्कम द्यायची नाही, असं मंत्रिमंडळाने जानेवारीत ठरवलं. त्या निर्णयाच्या बाजूने आजही कुणी बोललं तर मी ऐकून घेईन. पण देणं लांबवणं वेगळं आणि देणंच नव्हतं म्हणणं वेगळं.

आता उपोषण. १२ जानेवारी १९४८ हा सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा दिवस. त्यामुळे उपोषणाची घोषणा त्यांनी लिहून दिली आणि ती सायंप्रार्थनेत वाचून दाखवली गेली. त्या मजकुरात ५५ कोटींचा उल्लेख नाही. विषय होता दिल्ली. पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू आणि शीख निर्वासित थंडीत कुडकुडत होते. मुसलमानांची घरं बळकावली जात होती, मशिदींमध्ये मूर्ती बसवल्या जात होत्या आणि घाबरलेली कुटुंबं हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात, पुराना किल्ल्यात जाऊन राहिली होती. उपोषण सोडण्यासाठी त्यांनी ज्या अटी घातल्या त्या या परिस्थितीतून आल्या: मेहरौलीच्या कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यातला उरूस नेहमीसारखा व्हावा, बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात, मुसलमानांना शहरात आणि रेल्वेत निर्धास्त फिरता यावं, त्यांच्यावरचा आर्थिक बहिष्कार उठावा. सगळ्या अटी अशाच. पैशाची अट एकही नाही.

एवढं करूनही कुणाला शंका असेल तर तारखा पाहा. उपोषण १३ जानेवारीला सुरू झालं. ५५ कोटी देण्याचं सरकारने १५ तारखेला जाहीर केलं. उपोषण पैशासाठी असतं तर त्याच रात्री सुटलं असतं. ७८ वर्षांचा तो माणूस आणखी तीन दिवस उपाशी राहिला, आणि त्याच्या मूत्रपिंडांचं काम बिघडत चालल्याने डॉक्टर हवालदिल झाले होते. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने दिल्लीतल्या सर्व समाजांच्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिली, तेव्हा १८ जानेवारीला त्यांनी मौलाना आझादांच्या हातून रस घेतला. २७ तारखेला ते स्वतः मेहरौलीच्या उरुसाला गेले.

गांधीजींचा या पैशाशी काहीच संबंध नव्हता, असं मात्र मी म्हणणार नाही. दिलेला शब्द पाळावा असंच त्यांचं मत होतं, सरकारने निर्णय फिरवला तो उपोषणाच्या दडपणाखालीच, आणि तो फिरल्याचं गांधीजींनी मोकळेपणाने स्वागत केलं. यावरून त्यांच्यावर टीका करायची तर जरूर करावी. पण उपोषण पैशासाठी होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि तो "म्हणून". मला सर्वांत जास्त खुपतो तो हाच शब्द, कारण त्याच्या आडून खुनाला कारण पुरवलं जातं. २५ जून १९३४ रोजी पुण्यात गांधीजींची समजून एका मोटारीवर बॉम्ब फेकला गेला. ते तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. कुठले ५५ कोटी आणि कुठला पाकिस्तान? सप्टेंबर १९४४ मध्ये, जिनांच्या भेटीला निघालेल्या गांधीजींना अडवण्यासाठी सेवाग्रामला आलेल्या गटातल्या एकाजवळ सुरा सापडला. १९४८ चंच पाहायचं तर माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याची साक्ष अशी की नथुरामचा साथीदार नारायण आपटे याने त्याच्याकडे स्फोटकं आणि हातबॉम्ब मागितले ते १० जानेवारीला, म्हणजे उपोषणाची घोषणा होण्याच्याही आधी. नथुरामने आपल्या आयुर्विम्यावर वारस नेमले १३ आणि १४ जानेवारीला. एक पॉलिसी आपटेच्या पत्नीच्या नावे, दुसरी भाऊ गोपाळच्या पत्नीच्या नावे. त्या दोन्ही दिवशी पैसे देण्याचं सरकारने जाहीर केलेलं नव्हतं. जे अजून दिलंच नव्हतं त्याचा सूड घ्यायला माणूस मृत्यूची तजवीज करत नसतो.

मग ही कहाणी एवढी पसरली कशी? ८ नोव्हेंबर १९४८ रोजी लाल किल्ल्यातल्या न्यायालयात नथुरामने लांबलचक निवेदन वाचलं, त्यात ५५ कोटींना ठळक जागा होती. खुनानंतर नऊ महिन्यांनी आरोपीने स्वतःच्या बचावासाठी दिलेलं ते कारण आहे. आज फिरणारा मजकूर तेच निवेदन इतिहास म्हणून वाटतो, आणि पुढे पाठवणाऱ्याला आपण कुणाची बाजू मांडतोय हे ठाऊकही नसतं.