कायद्याच्या पोटातलं

मी पुण्यात खराडीला बसून अमेरिकेतल्या वकिलांसाठी संशोधन करतो. घड्याळ त्यांचं, डोळे माझे. आईला एकदा सांगितलं, "अगं, रात्रभर जुन्या कायद्यांचा माग काढतो." तर म्हणाली, "का रे, हरवलेत का?"

काम असं की एखाद्या कलमाचे दोन अर्थ निघतात आणि तिकडे कोर्टात जुंपते. मग वकीलसाहेबांचा मेल येतो: हे कलम घालताना काँग्रेसच्या मनात काय होतं ते शोधून द्या. (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. हे मला मामाला दर दिवाळीत सांगावं लागतं, आणि दर दिवाळीत तो आपल्याच काँग्रेसवर घसरतो.) तिची सभागृहं दोन: हाऊसचे 435 सदस्य आणि सेनेटचे 100, एवढ्यांचं मिळून एक मन. आमच्या सोसायटीने पाण्याची टाकी धुवायचा ठराव केला तेव्हा कुणाच्या मनात काय होतं, हे आज सेक्रेटरीलाही सांगता येणार नाही.

कागदोपत्री रीत सोपी आहे. कायद्यावरून बिलाचा नंबर, बिलावरून समितीचा अहवाल, दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळले नसतील तर तडजोडीचा अहवाल म्हणजे कॉन्फरन्स रिपोर्ट, आणि शेवटी भाषणं. पण तिकडे दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि अर्धवट राहिलेली बिलं मरतात. तेच बिल पुढे नवा नंबर घेऊन जन्माला येतं. सुनावण्या मागच्या जन्मात, मतदान या जन्मात. पुनर्जन्मावर माझा विश्वास या नोकरीत बसला.

एकदा 1964 चा नागरी हक्क कायदा वाट्याला आला. म्हटलं, एवढा गाजलेला कायदा, कागद मागू तेवढे मिळतील. आमच्या मॅडमचा एक तक्ता आहे आणि त्यातला कुठलाही रकाना रिकामा ठेवायचा नाही असा दंडक आहे. सेनेट समितीचा अहवाल? नाही. समितीकडे गेलं तर बिल तिथेच गाडलं जाईल या धास्तीने ते परस्पर सभागृहात नेलं होतं. कॉन्फरन्स रिपोर्ट? तोही नाही, कारण हाऊसने सेनेटचा मसुदा जसाच्या तसा मान्य केला. भाषणं मात्र उदंड! विरोधकांनी कामकाजाचे तब्बल 60 दिवस बोलून बोलून बिल अडवून धरलं होतं, आणि त्यातलं आपल्या कामाचं वाक्य कुठे दडलंय ते चाळल्याशिवाय कळत नाही.

आम्हाला हवी होती ती तरतूद नोकरीत स्त्री-पुरुष भेदभाव नको म्हणणारी. ती घुसवली व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ यांनी, 8 फेब्रुवारी 1964 ला, हाऊसमध्ये हशा पिकत असताना. हे गृहस्थ मूळ बिलाचे कट्टर विरोधक! बिल बुडावं म्हणून त्यांनी खोडी काढली असं काही जण सांगतात. बायकांच्या समान हक्कांना त्यांचा आधीपासून पाठिंबा होता असं दुसरे दाखवून देतात. बिल पास झालं आणि स्मिथ यांनी मत दिलं विरोधात. आता लिहा, काँग्रेसच्या मनात काय होतं!

बरं, भाषणं तरी बोललेली असावीत की नाही? काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, म्हणजे तिथल्या कामकाजाच्या अधिकृत छापील वृत्तांतात, सदस्यांना मागाहून मजकूर घालता येतो. 18 ऑक्टोबर 1972 च्या अंकात लुइझियानाचे हेल बॉग्ज अधिवेशनातल्या कामगिरीचा आढावा घेताना दिसतात. पुढच्या काही मिनिटांत काय काय सांगणार आहे, तेही ते सांगतात. प्रत्यक्षात 16 ऑक्टोबरलाच अलास्कात त्यांचं विमान बेपत्ता झालं होतं. विमान अजून सापडलेलं नाही, भाषण मात्र कुणालाही सापडतं. 1978 पासून न बोललेल्या मजकुरापुढे ठिपका द्यायला लागले. मी आधी ठिपका बघतो, मग मजकूर.

हे झालं केंद्राचं. राज्यांची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. न्यूयॉर्कात 'बिल जॅकेट' असतं: बिल राज्यपालांच्या सहीला गेलं की सोबत जमलेली पत्रं, 1921 पासूनची. कायद्याचं गुपित मिळणार म्हणून हावऱ्यासारखं उघडावं, तर मायक्रोफिल्मवरून उतरवलेलं, निम्मी अक्षरं पुसलेलं टंकलिखित पत्र निघतं. ते झूम करकरून वाचावं आणि शेवटी कळावं की या खात्याचा सदर बिलाला काही आक्षेप नाही. टेक्सासला ध्वनिफिती ऐकायच्या. कोण बोलतंय, कोण खोकतंय, काही कळत नाही. कॅलिफोर्नियात समित्यांची टिपणं सुबक, पण तिथे बिलाची आतडी काढून भलताच मजकूर भरायची पद्धत आहे. नंबर तोच, विषय दुसरा. आणि नेब्रास्कात 1937 पासून सभागृहच एक. तक्त्यात रकाने दोन. "मॅडम, दुसरं सभागृह नाहीये." "मग तसं लिही, कारणासकट." प्रत्येक नेब्रास्का प्रकरणात मी तेच कारण नव्याने लिहितो, कारण जुनं चिकटवलं की मॅडमच्या लगेच लक्षात येतं.

एवढं करून परवा एका प्रकरणात अगदी सोन्यासारखं वाक्य मिळालं. समितीचा अहवाल, छापील, ठिपक्याची भानगड नाही, आणि साहेबांच्या अशिलाला हवा तोच अर्थ. पहाटेच्या कॅबमध्ये मी खुशीत होतो. दुसऱ्या रात्री साहेबांचा मेल आला: झकास काम, फक्त प्रतिपक्षाचं उत्तर आलंय ते बघून घ्या. उघडलं. पुरावा म्हणून त्यांनीही तेच पान जोडलं होतं. आम्ही खालचा परिच्छेद पिवळा केला होता, त्यांनी वरचा.