सूज की सेरोटोनिन? नैराश्याबद्दल फिरणाऱ्या एका दाव्याचा प्रतिवाद

गेल्या काही वर्षांत एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: नैराश्याचा सेरोटोनिनशी, म्हणजे पेशींमध्ये संदेश पोचवणाऱ्या एका रसायनाशी, संबंध नाही हे सिद्ध झालं आहे, खरं कारण मेंदूतली सूज आहे, सेरोटोनिन तर ९५ टक्के आतड्यातच तयार होतं, तेव्हा आतडं सुधारा, सूज उतरवा आणि गोळ्या बंद करा. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या खऱ्या संशोधनाचा हात धरून आलेलं आहे, म्हणून तो चटकन पटतो. आणि शेवटच्या तीन शब्दांमुळे तो धोकादायक आहे.

आधी सेरोटोनिनबद्दल. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’ या नियतकालिकात आधीच्या अनेक आढाव्यांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य असलेल्यांमध्ये सेरोटोनिन कमी असतं असं सातत्याने दाखवणारा पुरावा त्यांना सापडला नाही. ‘मेंदूतलं एक रसायन कमी पडलं, गोळीने ते भरून काढलं’ ही सरधोपट मांडणी त्यामुळे निकालात निघाली, आणि ती निघायलाच हवी होती. औषधाचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन सावरायला मात्र काही आठवडे लागतात, हे जाणकारांना आधीपासून खुपत होतंच. पण हा आढावा कमतरतेच्या सिद्धान्ताचा होता. औषधं उपयोगी पडतात का, हा त्याचा विषय नव्हता. तो प्रश्न २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आंद्रेआ चिप्रियानी यांच्या विश्लेषणात तपासला गेला: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. तीव्र नैराश्यात एकूण एक औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं. सरासरी फरक माफक होता, हेही सांगायला हवं. पण माफक म्हणजे शून्य नव्हे.

आतड्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. शरीरातलं नव्वद-पंचाण्णव टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे खरं. ते रक्तातून मेंदूत मात्र शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडथळा त्याला आत सोडत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन मेंदूच्या देठात, राफे केंद्रकांमध्ये, स्वतः बनवतो. त्यासाठी मेंदूत चालणारं एन्झाइमही आतड्यातल्यापेक्षा वेगळं आहे, हे २००३ मध्ये पुढे आलं. आतडं आणि मेंदू यांच्यात व्हेगस मज्जातंतूमार्फत, प्रतिकार यंत्रणेमार्फत देवाणघेवाण चालते आणि तिचा अभ्यास मोलाचा आहे. पण ९५ टक्क्यांचा तो आकडा नैराश्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता मुख्य गल्लत. सूज आणि सेरोटोनिन हे जणू एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एक खरं ठरलं की दुसरं आपोआप खोटं, असं हा मजकूर धरून चालतो. प्रत्यक्षात या क्षेत्रातला सगळ्यांत बोलका पुरावा दोघांना एकत्र दाखवतो.

इंटरफेरॉन-अल्फा हे प्रतिकार यंत्रणेचं संदेश देणारं प्रथिन. हिपॅटायटिस सी आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर ते अनेक वर्षं औषध म्हणून दिलं जात असे. ते सुरू केल्यावर दर तीन-चार रुग्णांमागे एकाला नैराश्य येई, पूर्वी कधी आलेलं नसलं तरी. प्रतिकार यंत्रणेचा संदेश मनःस्थिती बिघडवू शकतो, याचा माणसांमधला इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. म्हणजे सूजवाल्यांचं म्हणणं बरोबर? थांबा. २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. मेलानोमाच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना इंटरफेरॉन सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन दिलं, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणारी नेहमीची गोळी, बाकीच्यांना प्लासिबो. प्लासिबो गटात ४५ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आलं, पॅरॉक्सेटिन गटात ११ टक्क्यांना. कारण प्रतिकार यंत्रणेतलं, आणि बचाव केला सेरोटोनिनवरच्या गोळीने. चाचणी लहान होती हे मान्य. पण ‘किंवा’ची भाषा तिच्यापुढे टिकत नाही.

हे जोडलं कुठे जातं, ते एका रेणूपाशी जाऊन बघण्यासारखं आहे. आहारातून येणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल सेरोटोनिनचा कच्चा माल. इंटरफेरॉनसारखे संदेश आले की आयडीओ नावाचं एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ट्रिप्टोफॅनला दुसऱ्या वाटेने नेऊन त्याचं किन्युरेनिन करतं. किन्युरेनिन मेंदूत सहज शिरतं. तिथे मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रखवालदार प्रतिकारपेशी, त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात, आणि हे आम्ल एनएमडीए रिसेप्टरला चेतवतं, म्हणजे ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला. इथे आणखी एक मेख आहे. इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तातलं ट्रिप्टोफॅन घटलं होतं, पण त्या द्रवातलं घटलं नव्हतं. वाढलेलं होतं ते किन्युरेनिन आणि क्विनोलिनिक आम्ल. म्हणजे ‘सुजेमुळे सेरोटोनिनचा कच्चा माल संपतो’ हे सुटसुटीत उत्तरही पुरं पडत नाही. सेरोटोनिन, ग्लुटामेट आणि सायटोकाइन (इंटरफेरॉनसारखी प्रतिकार यंत्रणेची संदेश देणारी प्रथिनं) यांचा इथे एकच गुंता होतो. त्यातला एक धागा ओढून ‘हेच खरं कारण’ म्हणणारा माणूस संशोधनाशी अन्याय करतो.

मग नैराश्य असलेल्या प्रत्येकाच्या मेंदूला सूज असते का? नाही. रक्तातलं सीआरपी हे प्रथिन, म्हणजे दाहाचं (याच सुजेचं) साधं मोजमाप घेतलं, तर लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर ते साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत आढळतं. उरलेल्यांत नाही. शिवाय सीआरपी रक्तात मोजतात. वजन, धूम्रपान, साधा संसर्ग यांनीही ते वाढतं. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये टीएसपीओ या प्रथिनावरून दाह ओळखायचा प्रयत्न होतो, पण हे प्रथिन फक्त मायक्रोग्लियात नसतं, त्यामुळे अर्थ लावणं कठीण जातं. खरोखरच्या मेंदूदाहाचं उदाहरण हवं असेल, तर जोसेप दाल्माऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेला एनएमडीए रिसेप्टरविरोधी मेंदूदाह बघावा: भास, झटके, चेहऱ्याच्या-हातापायांच्या विचित्र हालचाली, आणि उपचार म्हणून स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं. तो तातडीने रुग्णालयात न्यायचा आजार आहे. नैराश्याला सरसकट त्याच पंगतीत बसवणं चूक.

‘सूज उतरवा, बरं वाटेल’ हे तपासूनही झालं आहे. २०१३ मध्ये चार्ल्स रेझन आणि अँड्र्यू मिलर यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी केली. टीएनएफ या सायटोकाइनला रोखणारं हे ताकदीचं औषध. शिरेतून तीनदा दिलं आणि १२ आठवडे नजर ठेवली. एकूण गटात प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांचा कल सुधारणेकडे दिसला, आणि ज्यांचं कमी होतं त्यांच्यात तर प्लासिबोवाल्यांची प्रगती जास्त झाली. मला या क्षेत्रातली ही सर्वांत महत्त्वाची चाचणी वाटते: दाह नसलेल्याला दाहाचं औषध दिल्याने तोटाही होऊ शकतो, ही शक्यता तिने समोर आणली. जर्मनीत मिनोसायक्लिन या दाहही कमी करणाऱ्या प्रतिजैविकाची १७३ रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये आली, फायदा नाही. आणि ‘सूज कमी करणारी’ म्हणून विकली जाणारी ओमेगा-३? अमेरिकेत १८ हजारांहून अधिक प्रौढांनी सरासरी पाच वर्षं ती घेतली किंवा प्लासिबो घेतला. नैराश्य टळलं नाही.

राहिलं ‘गोळ्या बंद करा’. या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना असे त्रास होऊ शकतात, आणि मूळ आजार उलटण्याचा धोका वेगळाच. गोळी सोडायची इच्छा असणं यात गैर काही नाही. गोळ्यांचे दुष्परिणाम खरे आहेत आणि ते डॉक्टरांनी ऐकून घेतलेच पाहिजेत. पण ती सोडायची एक रीत आहे. डोस आणि मेंदूतला परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नसतं: अगदी कमी डोसलाही बराचसा परिणाम शिल्लक असतो. म्हणून सुरुवातीला डोस निम्मा करणं निभावून जातं आणि शेवटचा छोटा तुकडा बंद करताना त्रास उफाळतो. डॉक्टरांबरोबर बसून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्यात, प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबावं, आणि त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत जावं.